उजवीकडेच वळणारा हंस

बोरगोंदीच्या तलावाची पाळ त्या रविवारी माणसांनी गच्च भरली होती. उमरेड रस्त्याने नागपूरहून तासाभरावर असलेलं हे गाव एरवी कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. पाण्यात शिंगाडा आणि मासळी, काठावर हरभऱ्याची वावरं. पण गेल्या दोन महिन्यांत इथला महिमा असा काही पसरला की धरमपेठेतल्या मोटारीसुद्धा गावाच्या धुळीत येऊन उभ्या राहू लागल्या, आणि गॉगल लावलेल्या बायका चपला हातात घेऊन पाळ चढू लागल्या.

पाळीखाली विभूतीचं मोठं रिंगण आखलेलं होतं. मधोमध धुनी, आणि धुनीशेजारी वाघाच्या कातड्याची छपाई असलेल्या ब्लँकेटवर स्वतःला मानसरोवराचे म्हणवणारे मानसगिरी महाराज. त्यांच्यापासून चार हातांवर एक पक्षी उभा होता. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे काजळाचं बोट ओढावं तसे दोन काळे पट्टे, पिवळी चोच. असे सत्तर-ऐंशी पक्षी समोर पाण्यावर तरंगत होते. ते दर हिवाळ्यात येत, आणि गाव त्यांना आजवर सरसकट बदकं म्हणत आलं होतं. महाराज आल्यापासून ती बदकं हंस झाली होती.

"देखो भक्तजन!" महाराजांनी माइक हाती घेतला. "पानी में जे दिसून राहिले ते पक्षी. हा पक्षी नाही, हा दूत आहे! मानसरोवराहून निघाला, हिमालय ओलांडून आला आणि माझ्या मंत्रात बांधला गेला. याले दोरी आहे का? पिंजरा आहे का? अरे, पंख असून उडत नाही! काहून उडत नाही? सेवा सोडवत नाही म्हणून!"

शिष्याने पक्ष्याच्या मागे जाऊन झांज वाजवली. पक्षी दचकला, पंख पसरून धावत सुटला, वीतभर उचलला गेला आणि तिरपा होऊन उजवीकडे वळला. तसाच फडफडत धुनीभोवती एक अख्खा फेरा घेऊन तो धपकन खाली बसला.

"प्रदक्षिणा! हंसाने प्रदक्षिणा घातली!" पाळ दुमदुमली. म्हाताऱ्यांनी कानांना हात लावले आणि तरुणांनी मोबाइल वर धरले.

"अन् आता पाहा दुसरा चमत्कार," महाराज म्हणाले, "इकडे ये, बेटी गुंजन."

पुढच्या रांगेतून नऊ वर्षांची गुंजन उठली. तिच्या दंडावर लाल कापडाचा वीतभर ताईत होता. त्यात हंसाचं पीस होतं. असे ताईत गावात नऊच जणांना मिळाले होते, कारण हंसाने आपल्या इच्छेने नऊच पिसं अर्पण केली होती, असं महाराजांचं सांगणं.

"ह्या कन्येले रोज दहा दहा झटके यायचे!"

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या कामिनीने, म्हणजे गुंजनच्या आईने, पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. गुंजनला दोन-तीन महिन्यांतून एखादा झटका यायचा. पहिल्या रविवारी महाराजांनी तो आठवड्यावर आणला होता, मागच्या रविवारी रोजचा केला होता, आणि आज दिवसाला दहा झाले होते. कामिनीला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तिच्या पदराच्या गाठीत गुंजनची संध्याकाळची गोळी होती.

झालं होतं ते असं. दीड वर्षापूर्वी शाळेच्या पटांगणात गुंजनला पहिला झटका आला. कामिनीचा नवरा रविंद्र कळमन्याच्या बाजारात मालाचा टेम्पो चालवायचा. तो तसाच टेम्पो वळवून पोरीला धंतोलीच्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तपासण्या केल्या, सकाळ-संध्याकाळची गोळी लिहून दिली आणि कामिनीला समोर बसवून सांगितलं, "दोन-तीन वर्षं एकही गोळी चुकवायची नाही. मनाने एकदम बंद केली तर मोठा झटका येऊ शकतो. न थांबणारा." औषध लागू पडलं होतं. पोर शाळेत जायला लागली होती.

मग महाराज आले. त्यांनी अट घातली की पीस आणि गोळी एका अंगात नांदत नाहीत. कामिनीची सासू अंजनाबाई हिने त्याच दिवशी घरातल्या गोळ्या गोळा करून तलावात टाकल्या. अंजनाबाई दुष्ट नव्हती. तिचा धाकटा भाऊ असाच झटका येऊन विहिरीत पडला होता आणि त्याला बाहेर काढताना ती काठावर उभी होती. तेव्हापासून झटका म्हटलं की ती कोणाचेही पाय धरायला तयार असायची. रविंद्र आईच्या शब्दापुढे गेला नाही. "पाहू एक-दोन महिने," एवढं म्हणून तो टेम्पो घेऊन निघून गेला.

कामिनीने भांडण केलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती शिंगाडे विकायच्या निमित्ताने नागपूरला गेली, धंतोलीतून नव्या गोळ्या आणल्या आणि कोंबड्यांच्या कणीच्या डब्यात लपवल्या. सासू माळकरी, कोंबड्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. रोज सकाळी आणि संध्याकाळी कामिनी पोरीला अंडी वेचायला म्हणून मागे न्यायची आणि गुळाच्या खड्याबरोबर गोळी द्यायची.

"आई, आजीले नाई सांगायचं का?"

"नाई सांगायचं."

"मंग मी खोटं बोलून राहिली का?"

यावर कामिनी तिच्या तोंडात गुळाचा आणखी एक खडा घालायची. गोळ्यांमुळे पोर ठणठणीत राहिली आणि तिच्या ठणठणीतपणावर महाराजांची पालखी निघाली. गावात जो तो गुंजनकडे बोट दाखवू लागला. कामिनीच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. बोलली तर गोळ्या पुन्हा तलावात जाणार आणि पोर मरणाच्या दारात उभी राहणार. न बोलली तर तिच्याच हातच्या गोळ्यांनी महाराज मोठा होणार. धड इकडे ना तिकडे, अशी ती दोन महिने तोंड दाबून जगत होती.

त्या रविवारी महाराजांनी फास आणखी आवळला. "पुढच्या रविवारपासून ही कन्या सव्वा महिना माझ्या कुटीत राहील," ते म्हणाले. "सोबत आजी राहील. आईची सावली चालणार नाही. आईच्या मनात शंका आहे."

अंजनाबाईने हात जोडले. पाळीवरचं सगळं गाव वळून कामिनीकडे पाहू लागलं. सव्वा महिना म्हणजे पंच्याहत्तर गोळ्या, आणि त्यातली एकही पोरीच्या तोंडात जाणार नव्हती.

बुधवारी शेजारचे नत्थूजी अंगणात कोसळले. त्यांना साखरेचा आजार होता, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यावी लागे. शुद्ध हरपलेल्या नत्थूजींना रविंद्रच्याच टेम्पोत घालून नागपूरला नेलं. टेम्पो सुटताना त्यांची बायको बायजाबाई कामिनीचा हात धरून रडत म्हणाली, "तीन हप्ते झाले वं, सुई सोडली त्यायनं. मी म्हटलं नका सोडू. तं म्हणे, कामिनीची पोट्टी पाह्य कशी बिना गोळीची हरणावानी पळून राहिली. पीस असल्यावर मले सुई कायले पायजे?"

टेम्पो गेला. कामिनी कुडाच्या कुंपणाला धरून खाली बसली. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

किती वेळ ती बसली होती कोण जाणे. समोर कोंबड्या कणीसाठी ओरडू लागल्या तशी ती सवयीने उठली. तिची कबरी कोंबडी मोठी खोडकर. नत्थूजींच्या मेथीच्या वाफ्यात तिला घुसायचं असे, म्हणून दिवाळीनंतर कामिनीने रिवाजाप्रमाणे तिच्या एका पंखाची पिसं कैचीने कापली होती. बोरगोंदीतल्या सगळ्याच बायका असं करतात. दोन्ही पंख कापायचे नसतात, एकच कापायचा. मग कोंबडीचा तोल जातो आणि कुड काही ओलांडता येत नाही. कबरीने आजही झेप घेतली, वीतभर उचलली गेली, तिरपी होऊन कापलेल्या पंखाच्या बाजूला वळली आणि गर्रकन फिरून खाली पडली.

कामिनीच्या हातातली कणी तशीच राहिली.

ती घरात गेली. गुंजन शाळेतून येऊन झोपली होती. दंडावरच्या ताइताची शिवण उसवायला कामिनीने सुई घेतली आणि तिचा हात थांबला. ताईत उघडला तर लेकरू आंधळं होईल, असं महाराजांनी बजावलं होतं. कामिनीचा त्यावर विश्वास नव्हता. तरीही सुई पुढे सरकत नव्हती, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. भीतीला विश्वास लागतोच असं नाही. तिने डोळे मिटले, पहिला टाका तोडला, मग डोळे उघडून बाकीचे तोडले.

आत राखाडी-काळं लांब पीस होतं. त्याची दांडी बुडाशी तिरपी, सफाईदार कापलेली होती.

"उठ गुंजन. तुले दिसून राहिलं ना?"

"काय?"

"मी."

"हाव," गुंजन डोळे चोळत म्हणाली. "रडून काहून राहिली वं आई?"

पीस पदरात घेऊन कामिनी शाळेत गेली. धम्मानंद सर गेली दहा वर्षं बोरगोंदीच्या शाळेत होते. दर जानेवारीत ते पोरांना घेऊन पाळीवर बसत आणि पाण्यावरच्या पक्ष्यांची मोजणी करत. महाराजांच्या शिष्यांनी या साली त्यांची दुर्बीण हिसकावून घेतली होती आणि त्यांना पाळीवर बंदी होती.

सरांनी पीस उजेडात धरलं. "कामिनीताई, गळालेल्या पिसाचं बूड निमुळतं असते, बंद असते. हे पोकळ आहे, उघडं. कापलेलं आहे. अन् दुसरी गोष्ट. ह्या पक्ष्याले पट्टकादंब म्हणतात. ह्याची उडायची पिसं गळतात उन्हाळ्यात, तिकडे तिबेट-मंगोलियात, जिथं तो अंडी घालते. तेव्हा महिनाभर त्याले उडता येत नाही. नवी पिसं आली की मगच इकडं निघते. हिवाळ्यात बोरगोंदीत तो आपली नऊ पिसं कोणाले कायले अर्पण करीन?"

"म्हणजे तो हिमालयावरून येतो हे तरी खरं हाय?"

"हाव. स्वतःच्या पंखानं येतो. इतक्या उंचावरून की तिथं माणसाले धड श्वास घेता येत नाही." सरांनी पीस खाली ठेवलं. "फेब्रुवारी सरत आला. पंधरा-वीस दिवसांत थवा परत जाईन. हा एकटाच राहीन."

कामिनीने मग गोळ्यांचंही सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं. सरांनी पीस तिला परत दिलं. मग म्हणाले, "पंखाचं मी सांगू शकतो, ताई. वनखात्यालेही मी बोलावतो. पण गोळ्यांचं तुम्हालेच सांगावं लागन."

रविवारी गर्दी दुप्पट होती. कुटीच्या दाराला तोरण लावलं होतं, गुंजनसाठी नवी सतरंजी आली होती. झांज वाजली, पक्षी फडफडला, उजवीकडे वळला, फेरा पूर्ण झाला. लोक ओरडले. आणि तेवढ्यात कामिनी रांगेतून उठून सरळ रिंगणाकडे चालू लागली.

"थांब!" महाराज गरजले. "रिंगणात पाय ठेवला तं भस्म होशील!"

कामिनीने पाय ठेवला. ती भस्म झाली नाही, टाचेला थोडी विभूती लागली एवढंच. तिने मागून जाऊन दोन्ही हातांनी पक्ष्याचे पंख दाबून धरले आणि कोंबडी धरतात तसा तो काखेत घेतला. पक्ष्याचं काळीज तिच्या बरगडीवर धडधडत होतं. तिचंही त्याहून हळू नव्हतं.

"हा पाहा डावा पंख," तिने तो उलगडला. लांबच लांब, काळ्या टोकांचा. "अन् हा उजवा."

उजव्या पंखाच्या टोकाला पिसं नव्हतीच. ओळीने नऊ खुंट होते, कैचीने तिरपे कापलेले.

"कोंबड्या पाळता ना तुम्ही साऱ्या जणी? मंग सांगा, एक पंख कापला तं कोंबडी कशी उडते? हंस प्रदक्षिणा नाई घालून राहिला. त्याले उडायचं हाय, अन् त्याले उडता येऊन नाई राहिलं."

बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. महाराज हसले. असल्या लोकांना हसायचं कधी हे बरोबर कळतं. "ये तो लीला आहे, बेटी! पिसं त्यानं स्वतः अर्पण केली!"

"मंग त्यानं कैची कोणाची घेतली होती?" धम्मानंद सर मागून म्हणाले. पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

कामिनीने पदरातून गुंजनचं पीस काढलं आणि एकेका खुंटाला लावून पाहिलं. तिसऱ्या खुंटाला ते नेमकं जुळलं, कापाला काप मिळून. "बाकीच्यायनं आणा तुमची पिसं. उघडल्यानं कोणी आंधळं होत नाई. माही पोरगी तिथं बसली हाय, तिले इचारा."

कोणी हललं नाही. सात दंडांवर सात हात गेले आणि तिथेच राहिले. मग बायजाबाई उठली. नत्थूजी अजून धंतोलीच्या दवाखान्यात होते, शुद्धीवर आले होते पण बोलत नव्हते. तिने त्यांचा ताईत दातांनी फाडला आणि पीस पुढे केलं. ते पहिल्या खुंटाला बसलं. त्यानंतर एकेक जण येऊ लागला. नऊपैकी सात पिसं जुळली आणि पंख पंखासारखा दिसायला लागला.

तरीही मागून कोणीतरी ओरडलंच, "पंखाचं राहू दे वं! पण तुही पोरगी बरी झाली का नाई? तिले झटका आला का?"

"हाव, ते कसं?" दुसऱ्याने साथ दिली. महाराजांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. पिसाचा खेळ उघडा पडला तरी गुंजन त्यांच्या पदरात होती.

कामिनीने सासूकडे पाहिलं. अंजनाबाई ताठ बसली होती, एका हाताने नातीला जवळ धरून. आता बोललं की हे घर आपल्याला ठेवतं की हाकलतं, कामिनीला ठाऊक नव्हतं. तिने पदराची गाठ सोडली आणि गोळी तळहातावर धरली.

"माह्या पोरीले पिसानं नाई बरं केलं. ह्या गोळीनं केलं. एक दिवस बंद नाई केली मी. कोंबड्याईच्या डब्यात लपवून रोज देत होती. घाबरून गप्प राहिली. तुम्ही पिसाचा गुण पाहून राहिले होते अन् मले माहीत होतं. नत्थूजीनं सुई सोडली ते माह्या गप्प राहण्यानं. पाप असन तं ते माहं हाय. पण आता तरी ज्यायनं औषध सोडलं त्यायनं आजच्या आज सुरू करा. हात जोडते तुमच्यापुढं."

पाण्यावरचे पक्षी तेवढे कलकलत होते.

अंजनाबाई उठली. नातीचा हात धरून सावकाश रिंगणाशी आली आणि सुनेच्या तळहातावरच्या गोळीकडे पाहत राहिली. "म्हणजे मी पाण्यात टाकल्या त्या दिवशी..." तिने नातीला जवळ ओढलं. "मी पोरीले मारून राहिली होती का वं?"

"नाई आत्या. तुम्ही भेवून राहिल्या होत्या. मीही भेवूनच राहिली होती."

अंजनाबाईने नातीच्या दंडावरचा रिकामा ताईत सोडला आणि धुनीत टाकला. महाराज तोवर ब्लँकेट गुंडाळू लागले होते, पण पाळीच्या टोकाशी वनखात्याची जीप उभी होती आणि मागे पोलीसही होते. कुटीमागे नायलॉनची जाळी सापडली आणि पूजेच्या ताटाखाली कैची. पक्षी धरणं हा एक गुन्हा आणि चमत्काराच्या नावाने लोकांना औषध सोडायला लावणं हा दुसरा, अशी दोन्हींची नोंद झाली. महाराज मानसरोवराचे नव्हते हे सांगायला नकोच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात थवा उठला आणि उत्तरेला गेला. तो एक पक्षी नागपूरच्या उपचार केंद्रात राहिला. कापलेली पिसं वाढत नाहीत. ती उन्हाळ्यात गळून नवी यावी लागतात, तोवर त्याला जाळीतूनच आभाळ पाहावं लागलं. नवी पिसं आली तशी पुढच्या डिसेंबरात त्याला बोरगोंदीच्या तलावावर आणलं. गुंजनने टोपलीचं झाकण उघडलं. तो क्षणभर उभा राहिला, पाण्यावर धावला आणि उचलला गेला. कोणीतरी सवयीने "आता उजवीकडे" म्हणालं. तो सरळ गेला.

नत्थूजी पाळीवर काठी टेकून उभे होते, सुई टोचून आलेले. सर पोरांकडून मोजणी करून घेत होते. घराकडून अंजनाबाईची हाक आली, "कामिनी, आठ वाजले वं! पोरीची गोळी राहिली!"

बोरगोंदीत आता नवा महाराज आला तर लोक त्याला हाकलतीलच याची खात्री देता येत नाही. भीती काही एका दिवसात जात नाही. पण बायका एक गोष्ट शिकल्या आहेत आणि ती शिकायला शाळा लागत नाही. कोणी म्हणालं की पंख असूनही हा उडत नाही, हा माझा चमत्कार, तर पाया पडायच्या आधी तो पंख उघडून पाहायचा. आणि तोवर औषध सोडायचं नाही.